तळ्याचे आयुष्य

वाशीमच्या पठारावर पडलेला पाऊस उत्तरेकडे काटेपूर्णा-पूर्णेवाटे तापीस मिळतो आणि दक्षिणेकडे पैनगंगेवाटे अखेर गोदावरीस जातो. अशा जलविभाजक भूमीवर पाणी स्वभावतः थांबत नाही, ते माणसाला अडवावे लागते, आणि म्हणूनच वाकाटकांच्या वत्सगुल्म नगरीत, म्हणजे आजच्या वाशीमात, पद्मतीर्थासारख्या जलाशयांना देवत्व लाभले असावे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी बालाजीचे मंदिर उभारले आणि त्याच्या सन्निध देवतलाव बांधविला. त्याच्या पायऱ्यांवर बालपण घालविलेल्या मला तळे हे मंदिराइतकेच अचल वाटे. परंतु पुढे शेतीत वावरताना कळले, की आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, मृगाच्या पहिल्या लोंढ्यासरशी सुटते आणि जेथे पाणी विसावते तेथेच बसते. त्या गाळावर प्रथम लव्हाळा, मग पाणकणीस, अखेरीस बाभूळ येते, आणि तळ्याची भूमी होते. निसर्गाचा हा क्रम संथ आहे. त्याला घाई लावली ती आम्ही. ओढ्याकाठची झुडपे तोडून आम्ही बांधापर्यंत नांगर नेला, ज्वारी-कापसाच्या जागी सोयाबीन आले, खतांचा अंश पाण्यासोबत वाहू लागला, आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्ह्याचे ठाणे झाल्यावर वाढत्या वस्तीचे सांडपाणीही उताराला लागले. ज्या पाण्यात असे पोषण उतरते तेथे जलपर्णी फोफावते, खालचा प्रकाश अडविते, कुजून तळाशी जाते आणि तळे आणखी उथळ करते.

उतारवयात माझी पावले एकबुर्जीच्या जलाशयाकडे वळतात, ज्याचे पाणी हे शहर पिते. हिवाळा सरताना पाणी ओसरून बुडीत क्षेत्र उघडे पडते. कोणी त्यात गाळपेर करतो, तर उरलेल्या चिखलात तुतवार आणि शेकाटे चरत असतात. दप्तराच्या भाषेत ही जमीन पडीक ठरेल, पण याच उथळ काठावरील वनस्पती येणारा गाळ अडवितात आणि पाण्यातील अतिरिक्त पोषण शोषून घेतात.

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरास २०२० साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, याचा आनंद आहेच. तथापि २०१७ च्या पाणथळ नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी व सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय आपल्या व्याख्येतून वगळले आहेत, आणि आमच्या जिल्ह्याची बहुतेक तळी अशीच मानवनिर्मित आहेत. कायद्याचे छत्र जेथे अपुरे पडते, तेथे रयतेचा निश्चय उभा राहिला पाहिजे. वैशाखात उघडा पडलेला गाळ शेतात न्यावा, ओढ्यांच्या काठी झाडोरा पुन्हा वाढू द्यावा, सांडपाणी शुद्ध केल्यावाचून सोडू नये, आणि काठाच्या पाणथळ पट्ट्यावर एकही बांधकाम होऊ देऊ नये, एवढीच प्रत्येक वाशीमकरास माझी कळकळीची विनंती आहे.