बंदुकांची वही आणि एक जास्तीचा रकाना

माझा मोठा मुलगा नववीत आहे. शाळेच्या वह्यांना कव्हर घालायला त्याला दहादा सांगावे लागते, पण एक दोनशे पानी वही तो जिवापाड जपतो. सिनेमात हत्यार दिसले की तो सिनेमा थांबवतो, दृश्य मागे-पुढे करून बघतो, पेन्सिलीने चित्र काढतो आणि शेजारी माहिती लिहितो. वहीत पाच रकाने आखले आहेत: दृश्य, हत्यार, कोणत्या देशाचे, कोणत्या सालापासून वापरात, आणि सिनेमातल्या काळाशी जुळते का. शेवटच्या रकान्यात बरोबर किंवा चूक अशी खूण असते.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने सगळ्यात जास्त पाने भरली ती ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या सिनेमावर. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा हा सिनेमा 1981 सालचा. इंडियाना जोन्स नावाचा अमेरिकन प्राध्यापक आणि जर्मन नाझी एका प्राचीन पेटीच्या मागे लागतात, अशी गोष्ट. काळ आहे 1936 चा आणि बराचसा भाग इजिप्तमध्ये घडतो. ती पेटी कोणती, हे कळल्यावर आमच्या सासूबाईसुद्धा खुर्ची ओढून बसल्या. मकतबात शिकलेल्या कुठल्याही मुलाला ती ठाऊक असते. सूरह बकरामध्ये तालूतच्या हकीकतीत जिचा उल्लेख येतो आणि जिच्यात हजरत मूसा (अ.) व हजरत हारून (अ.) यांच्या घराण्याच्या वस्तू होत्या, तीच ही पेटी, ताबूत-ए-सकीना.

मुलगा मात्र पेटीकडे बघत नव्हता. तो शिपायांच्या हातांकडे बघत होता. “अम्मी, हे चुकलंय,” तो म्हणाला. जर्मन शिपायांच्या हातात जी छोटी मशीनगन आहे तिचे नाव एमपी-40. लाकडाचा दस्ता नाही, त्याऐवजी घडी होणारा लोखंडी दांडा, आणि पोटाखाली सरळ उभे मॅगझिन. नावातला चाळीसचा आकडा सालाचा आहे. म्हणजे 1936 सालच्या गोष्टीत 1940 ची बंदूक! शिपायांच्या लांब रायफली, कार-98के, मात्र 1935 पासूनच्या, म्हणून तिथे बरोबरची खूण. शेवटाकडे नायक खांद्यावर नळी ठेवून पेटी उडवून देण्याची धमकी देतो. ती नळी सोव्हिएत आरपीजी-2 च्या जातीची, म्हणजे दुसरे महायुद्ध संपल्यानंतरची. तिथे लाल शाईने मोठी फुली.

अशा चुका का होतात, हेही त्याने शोधले. सिनेमावाले हत्यारे सहसा विकत घेत नाहीत, भाड्याने आणतात. भाड्याने देणाऱ्याच्या कोठारात जे असेल तेच पडद्यावर येते. एमपी-40 दहा लाखांच्या आसपास बनल्या होत्या, त्यामुळे युद्धानंतर त्या सहज मिळत. प्रेक्षकालाही जर्मन शिपाई म्हटले की तीच बंदूक डोळ्यांसमोर येते. त्यात गोळीऐवजी फक्त दारू भरलेले पोकळ काडतूस वापरतात. पण हत्यार बहुतेक वेळा खरेच असते. 2021 साली अमेरिकेत ‘रस्ट’ या सिनेमाच्या सेटवर अशा एका रिव्हॉल्वरमध्ये खरी गोळी निघाली आणि हेलिना हचिन्स या कॅमेरावाल्या बाई प्राणाला मुकल्या. त्या वहीत या घटनेलाही एक पान आहे.

मी शिक्षिका आहे. एवढ्या बारकाईने बघणारा, ताडून बघणारा, कारण शोधणारा विद्यार्थी मिळाला तर कुठल्याही शिक्षकाला आनंद होईल. पण वही यांच्या हाती पडली तेव्हा घरातले वातावरण बदलले. यांनी दोन पाने उलटली आणि हलक्या आवाजात मला म्हणाले, “ही वही घरात नको. आजचे दिवस कसे आहेत, तुला सांगायला हवं का?”

सांगायला नको होते. वाचकहो, आपल्यापैकी कुणालाच नको. माझ्या ओळखीतल्या एका बिगरमुस्लिम सहकारी बाईंच्या मुलाला हाच छंद आहे. त्याच्याबद्दल बोलताना सगळे कौतुकाने म्हणतात, हा सैन्यात जाणार. माझ्या मुलाच्या वहीतले तेच चित्र कुणी पाहिले तर काय म्हणेल, हा विचार प्रत्येक मुस्लिम बापाच्या मनात सर्वांत आधी येतो. यांची भीती खोटी नव्हती. त्यांना मी घाबरट म्हणणार नाही.

तरीही वही फाडावी, हे मला पटेना. फाडली तर मुलगा काय शिकेल? जे मोकळेपणाने करत होता, ते लपून करायचे. आणि आपण मुसलमान आहोत म्हणून आपल्या कुतूहलावरही पहारा असतो. चौदाव्या वर्षी हा धडा घरातूनच मिळावा असे मला वाटले नाही. मोबाइलवरच्या गेममुळे माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना बंदुकांची नावे पाठ आहेत. त्यांनी ती नुसती घोकली आहेत. हा तर तपासतो, खरे-खोटे करतो.

मी यांना म्हटले, “वही राहू द्या. मी त्यात एक रकाना वाढवते.” मुलाकडून पट्टी घेतली आणि सहावा रकाना आखला. वर लिहिले: समोर कोण आहे?

“म्हणजे?” मुलाने विचारले.

“बंदूक कुणाच्या हातात, ते तू लिहितोस. ती रोखली कुणावर? तो माणूस कोण, त्याचं नाव काय, तो तिथं का उभा आहे, तेही लिही. सिनेमा जुळतो की नाही हे तिथंही तपास.”

पहिलेच दृश्य कैरोच्या बाजाराचे होते. हा सिनेमा ज्यांनी पाहिला नाही त्यांनीही ते कुठे ना कुठे पाहिलेले असते. काळ्या कपड्यांतला एक उंच अरब गर्दीतून पुढे येतो, भली मोठी तलवार गरगर फिरवून दाखवतो. नायक वैतागून रिव्हॉल्वर काढतो, एक गोळी झाडतो आणि वळतो. थिएटरात हशा पिकतो. मुलाच्या वहीत त्या रिव्हॉल्वरची सगळी कुंडली होती: स्मिथ अँड वेसन कंपनीचे, .455 काडतुसाचे, नळी कापून आखूड केलेली. सहाव्या रकान्यात त्याने पेन टेकवला आणि थांबला. तलवारवाल्याला सिनेमात नावच नाही. घर नाही, तोंडी एखादे वाक्य नाही. तो येतो आणि मरतो.

मग शोधाशोध सुरू झाली. तलवारवाला झाला होता टेरी रिचर्ड्स नावाचा ब्रिटिश स्टंटमन. त्याने लांबलचक झुंजीची तयारी केली होती. पण नायक हॅरिसन फोर्ड यांना जुलाबाचा आजार झाला होता, उन्हात झुंज करण्याचे त्राण नव्हते, म्हणून एका गोळीत प्रसंग उरकला. शूटिंगही कैरोत झालेच नव्हते. ते झाले ट्युनिशियातल्या कैरवान शहरात. हे नाव ऐकताच सासूबाई सावरून बसल्या. हजरत उक्बा बिन नाफे यांनी 50 हिजरीत, म्हणजे इ.स. 670 मध्ये वसवलेले कैरवान, जिथली जामा मशीद साऱ्या मगरिबची शान आहे. शतकानुशतके जिथे फिक्ह आणि हदीसचे उलेमा घडले, ते शहर पडद्यावर दिसते ते टोपल्या, माकड आणि तलवारवाल्यापुरते.

मुलाला सगळ्यात लागली ती एक छोटी गोष्ट. 1936 चा काळ दिसावा म्हणून सिनेमावाल्यांनी कैरवानच्या घरांवरच्या टीव्हीच्या अँटेना उतरवल्या होत्या. “अँटेना चालल्या नाहीत, पण बंदूक चार वर्षं पुढची चालली,” तो म्हणाला. मग त्याने स्वतःहून पुढचा प्रश्न विचारला, “अम्मी, तेव्हा इजिप्तमध्ये जर्मन फौज होती?”

नव्हतीच. 1936 साली तिथे ब्रिटिशांचा पहारा होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये राजा फुआद वारले, तरुण फारूक गादीवर आले, आणि ऑगस्टमध्ये झालेल्या कराराने ब्रिटिशांनी सुवेझ कालव्यापाशी दहा हजार सैनिक ठेवण्याचा हक्क राखला. इजिप्शियन लोक आपल्याच देशात स्वातंत्र्यासाठी झगडत होते. सिनेमात जर्मन आहेत, अमेरिकन आहेत, फ्रेंच आहेत. ज्यांचा तो देश, ते मात्र एक मित्र सोडला तर खोदकाम करतात, ओझी वाहतात किंवा गर्दीत उभे राहतात. तो भला मित्र सल्ला, त्याचे कामही एका वेल्श नटाने केले आहे. बंदुकीची चूक चार वर्षांची होती. ही चूक अख्ख्या देशाची होती, आणि ती पाच रकान्यांत कुठेच बसली नसती.

जॅक शाहीन नावाचे लेबनानी वंशाचे एक अमेरिकन प्राध्यापक होते, धर्माने ख्रिस्ती. त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे हेच काम केले. हॉलिवूडचे नऊशेहून अधिक सिनेमे तपासले आणि त्यांत अरब कसे दाखवले जातात याची नोंद केली. त्यांचे पुस्तक 2001 साली आले. मुलाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे त्यांचीपण वहीच होती.”

आपल्या दीनने हत्याराबद्दल बोलताना नेहमी समोरच्या माणसाचा विचार आधी केला आहे. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हाताने धरावीत, कुणाला लागू नयेत, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. आपल्या भावाकडे हत्यार रोखण्याची मनाई आहे, तो सख्खा भाऊ असला तरी. आणि बातमी घेऊन कुणी आले तर आधी तहकीक करा, नाहीतर अजाणतेपणी कुणावर अन्याय होईल, हा सूरह हुजुरातचा आदेश आपण सगळ्यांनी वाचलेला आहे. सिनेमा हीसुद्धा एक बातमीच असते. ती आपल्याबद्दल जगाला काहीतरी सांगत असते, आणि आपल्या मुलांना आपल्याबद्दलच काहीतरी सांगत असते. मुले हसत हसत ती ऐकतात.

भगिनींनो, मुलांच्या हातातला रिमोट आपण किती दिवस काढून घेणार? त्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसावे आणि एक प्रश्न जास्तीचा विचारावा, असे मला वाटते.

यांची काळजी पूर्ण गेली आहे असे मी म्हणणार नाही. वही शाळेत न्यायची नाही, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवले आणि मुलाने ते ऐकले. वहीच्या कव्हरवर आता मोठ्या अक्षरांत ‘सिनेमातल्या चुका’ असे लिहिले आहे. ते अक्षर त्याच्या अब्बूंचे आहे.

पुढचा सिनेमाही त्यांनीच सुचवला, ‘लायन ऑफ द डेझर्ट’. तोही 1981 चाच. दिग्दर्शक मुस्तफा अक्काद, तेच ज्यांनी ‘द मेसेज’ केला. लिबियाचे उमर मुख्तार कुरआन शिकवणारे मुअल्लिम होते. सत्तरीच्या घरातल्या या बुजुर्गाला इटालियन सरकारने 16 सप्टेंबर 1931 रोजी फाशी दिले. त्यांच्यावरचा हा सिनेमा इटलीत 1982 पासून बंद होता, तिथल्या टीव्हीवर तो दिसला 2009 साली. मुलाने इटालियन रायफलींची माहिती आधीच जमवायला घेतली आहे. सासूबाईंनी मात्र बजावले आहे की या वेळी सहावा रकाना त्या सांगतील आणि त्याने लिहून घ्यायचा.