एका बोटाचा पंख

१/ गेल्या वर्षी याच ठिकाणी मी शाडूच्या मातीच्या एका प्रतिकृतीचे छायाचित्र दिले होते आणि दोनच दिवसांत ते काढून टाकले होते. आजचा धागा त्या काढून टाकण्याविषयी आहे. त्यासाठी मात्र आपल्याला १७८४ सालच्या मानहाइमला जावे लागेल.

२/ जर्मनीतील या नगरात राजाच्या निसर्गसंग्रहाची व्यवस्था कोझिमो कोलिनी पाहत असे. तरुणपणी तो व्हॉल्तेअरचा लेखनिक होता. बव्हेरियातील सोल्नहोफेनच्या चुनखडकात सापडलेला एक विलक्षण सांगाडा त्याच्यापुढे आला: लांब जबडा, बारीक दात आणि हाताचे एक बोट इतरांच्या कित्येक पट लांब.

३/ हा पक्षी नव्हे आणि वटवाघूळही नव्हे, एवढे कोलिनीने ओळखले. मग हा प्राणी कोण? समुद्राच्या पोटात अजून कितीतरी अज्ञात जीव असतील, त्यांपैकीच हा एक असावा, असे त्याला वाटले. टेरोसॉरचा अभ्यास असा एका चुकीच्या तर्काने सुरू झाला. पण कोलिनीने आपले वर्णन चित्रासह छापले, हे ध्यानात ठेवावे.

४/ १८०० साली स्ट्रासबर्गच्या योहान हेरमान यांनी तेच छापील वर्णन वाचून पॅरिसच्या क्युव्हिएला पत्र लिहिले आणि सोबत एक रेखाटन धाडले. त्या लांब बोटाने पंखाचा पडदा ताणून धरला असणार, हे त्यांनी अचूक हेरले. आज ज्ञात असलेले टेरोसॉरचे हे पहिले सजीव चित्र होय. त्यात त्याच्या अंगावर दाट लव आहे.

५/ लव का? कारण हेरमान त्याला सस्तन प्राणी समजत होते. पुढच्याच वर्षी क्युव्हिएने हाडांच्या आधारे निर्णय दिला, की हा उडणारा सरीसृप आहे. १८०९ मध्ये त्याने त्याला पंख आणि बोट या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून नाव दिले. सरीसृप म्हटल्यावर लव गेली आणि पुष्कळ चित्रांतून उघडी किंवा खवल्यांची कातडी आली.

६/ तरीही वाद मिटला नाही. १८३० मध्ये वाग्लरने त्याच हातांची वल्ही करून त्याला पाण्यात पोहायला लावले. १८४० मध्ये जॉन मार्टिन या चित्रकाराने एका ग्रंथाच्या मुखचित्रात त्याला वटवाघळाचे पंख देऊन रात्रीच्या किनाऱ्यावर प्रेताचे लचके तोडायला बसवले. मार्टिन बायबलमधील प्रलयाच्या चित्रांसाठी प्रसिद्ध होता. त्याचा टेरोसॉर प्राणी कमी आणि पिशाच अधिक आहे.

७/ माझी प्रतिकृती याच पिशाचकुळातली होती. तारेचा सांगाडा, त्यावर शाडू आणि पंखांना मलमलीचे कापड. कापड ताणून राहावे म्हणून मी प्रत्येक पंखात छत्रीच्या काड्यांसारख्या चार तारा घातल्या. खाली लिहिले, ‘उडणारा डायनोसॉर’. कौतुक पुष्कळ झाले.

८/ मग एका शाळकरी मुलाने विचारले, “ताई, टेरोसॉरचा पंख एकाच बोटावर असतो ना? मग ही बाकीची बोटे कुठून आली? आणि तो डायनोसॉर नसतो.” दोन्ही आक्षेप रास्त होते. वटवाघळाचा पंख चार बोटांवर ताणलेला असतो, तर टेरोसॉरचा आपल्या अनामिकेच्या जागी असलेल्या एकाच चौथ्या बोटावर. डायनोसॉरांशी त्याचे नाते जवळचे, पण कूळ वेगळे.

९/ मी उत्तर दिले नाही. छायाचित्र काढून टाकले आणि त्याबरोबर त्या मुलाचा प्रश्नही नाहीसा झाला. त्याच आठवड्यात मी प्रबंधाच्या प्रकरणात एका जुन्या दफ्तरातील फाडलेल्या पानांबद्दल संतापून लिहीत होते. पाने फाडणाऱ्या हाताविषयी मी फार कठोर शब्द वापरले होते. ते प्रकरण पुन्हा वाचताना ओशाळल्यासारखे झाले.

१०/ आता हेरमानांकडे परत येऊ. १९७१ मध्ये शारोव्हने कझाकस्तानातील सोर्डेस या टेरोसॉरचे वर्णन केले. त्याच्या अंगावर केसांसारख्या तंतूंच्या ठळक खुणा होत्या. म्हणजे हेरमानांची लव बरोबर ठरली, पण त्यांचे कारण चुकीचे होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या प्रसंगी टाळ्या वाजवू नयेत. निष्कर्ष योगायोगाने खरा निघाला म्हणून युक्तिवाद खरा होत नाही.

११/ पण हे सारे आपण तपासू शकतो ते कशामुळे? कोलिनीचे वर्णन, हेरमानांचे पत्र, वाग्लरची वल्ही, सारे शिल्लक राहिले म्हणून. त्यांच्या चुका नष्ट झाल्या असत्या, तर लव आधी कोणी काढली आणि का काढली, हे आपल्याला कधीच कळले नसते.

१२/ म्हणून आज जुने छायाचित्र त्याच्या चुकीच्या ओळीसह परत देत आहे. शेजारी नवी प्रतिकृती आहे: पंखात एकच तार, अंगावर तागाचे बारीक तंतू. रंग मात्र माझ्या कल्पनेचा आहे, हे आधीच सांगते. वाळताना मानेपाशी शाडू तडकला आहे, तोही तसाच ठेवला आहे. त्या मुलाचे नाव मला आठवत नाही. तो हे वाचत असेल, तर त्याने आपला प्रश्न पुन्हा विचारावा. या वेळी उत्तर मिळेल.