बॅटरीची दुसरी किल्ली

युट्रेक्टला पोस्टडॉकसाठी आल्यावर मी जुनी इलेक्ट्रिक सायकल घेतली. विकणारा देश सोडून चालला होता, आणि बॅटरीची किल्ली एकच होती. बॅटरी अडीच किलोची. ती काढून अरुंद, उभ्या डच जिन्याने तिसऱ्या मजल्यावर न्यायची, तेव्हा कुठे चार्जिंग. किल्ली हरवली तर कुलूप ड्रिलनेच फोडावं लागणार.

पुण्यात फुटपाथवरच्या किल्लीवाल्याने कानशीने घासून हातात दिली असती. इथेही बूट दुरुस्त करणारेच किल्ल्या करून देतात (हे मला फार आवडतं!), पण आमच्या कोपऱ्यावरच्याकडे या किल्लीचा साचा नव्हता. त्याने किल्लीवर कोरलेला नंबर दाखवला. कुलपाच्या कंपनीला तो कळवला की नवी किल्ली कापून येते, जुनी दाखवावीही लागत नाही. म्हणजे तो नंबर हीच खरी किल्ली. तुमच्याकडे अशी सायकल असेल तर तो आजच लिहून ठेवा. फक्त सायकल विकायला काढताना किल्लीचा फोटो टाकू नका.

किल्ली पोस्टाने आली. आता ती ठेवायची कुणाकडे? घरी हा प्रश्नच नव्हता, शेजारच्या काकूंकडे सगळ्या वाड्याच्या किल्ल्या असायच्या. लॅबमधले सगळे माझ्यासारखेच, दोन वर्षांच्या करारावरचे. शेवटी तळमजल्यावरच्या आजींना विचारलं.

“किती दिवस ठेवू?” त्यांनी विचारलं.

करार ऑगस्टपर्यंत आहे. “सध्या राहू दे,” एवढंच म्हणाले.

त्यांनी चिठ्ठीवर माझं नाव लिहून किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. तिथे आधीच्या भाडेकरूंच्या दोन किल्ल्या अजून लटकत होत्या.