सावित्रीला जागा हवी

पोलादपूरहून महाडला येताना सावित्रीची साथ असते. महाडला तिला गांधारी मिळते, आणि खाली बाणकोटच्या खाडीला भरती असली की पुराचे पाणी लवकर ओसरत नाही.

२०२१ ची बकरी ईद २१ जुलैला होती. दुसऱ्याच दिवशी महाड पाण्यात होते. तळियेवर दरड कोसळली ती त्याच दिवशी. खालाच्या घरी दाराच्या चौकटीवर चिखलाची रेघ अजून आहे. रंग देताना तिने ती मुद्दाम राखली.

हॉलंडमध्ये १९९५ साली पुराच्या धास्तीने अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. मग नुसते बांध उंच करीत बसण्यापेक्षा त्यांनी नदीलाच जागा दिली. नायमेखन शहरासमोर वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे नेला, नवा प्रवाह खोदला. त्यासाठी पन्नासेक घरे उठली.

सावित्रीतला गाळ काढला, बरे झाले. पण गाळ पुन्हा येतो, आणि सखल जागांवर भराव टाकणे आपण थांबवत नाही. नदीला जागा द्यायची तर कोणाची?

आम्ही भीतभीतच विचारले, "खाला, मोबदला मिळाला तर तुम्ही उठाल?"

"सगळा मोहल्ला एकत्र नेणार असतील तर," खाला म्हणाली. "आणि मस्जिद जवळ हवी."