बिगुल सगळ्यांसाठी एकच

मुलांनो, दिल्लीचं इंडिया गेट ठाऊक आहे ना? ब्रिटिशांच्या सैन्यातून लढलेल्या आपल्या जवानांची नावं त्यावर कोरली आहेत. ते ज्यांनी आखलं, त्या एडविन लट्यन्स यांनीच आयर्लंडमध्ये डब्लिन शहरात, लिफी नदीकाठी, एक स्मारक-उद्यान आखलं. गुलाबांचे ताटवे, पाण्याचे हौद आणि ग्रॅनाइटच्या छोट्या खोल्या! १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात पडलेल्या ४९,४०० आयरिश सैनिकांसाठी ते आहे. खोल्यांतल्या ग्रंथांत त्यांची नावं आहेत.

पण हे सैनिकही लढले ब्रिटिशांकडून, आणि इकडे त्यांचा देश ब्रिटिशांशीच स्वातंत्र्यासाठी झगडू लागला! मग त्यांची आठवण काढायलाही लोक कचरू लागले. पुढे उद्यानाचीही आबाळ झाली. डागडुजी होऊन १९८८ मध्ये ते रीतसर अर्पण झालं.

१९२१ मध्ये ११ जुलैला ब्रिटिशांशी युद्धबंदी झाली. म्हणून त्या तारखेजवळच्या रविवारी, युद्धांत आणि संयुक्त राष्ट्रांच्या सेवेत मरण पावलेल्या सर्व आयरिश स्त्री-पुरुषांना मानवंदना देतात. डब्लिनच्या जुन्या कॉलिन्स बराकीत राष्ट्राध्यक्ष पुष्पचक्र वाहतात. मिनिटभर शांतता. मग बिगुलावर 'लास्ट पोस्ट'. बिगुलाला कळा नसतात बरं का! सूर निघतात ते ओठांच्या आणि श्वासाच्या जोरावर. ही धून म्हणजे सैनिकाचा दिवस संपल्याची खूण. मागोमाग 'रेव्हेली', म्हणजे सकाळी उठवणारी धून. अर्ध्यावरचा ध्वज वर चढतो, लष्करी बँड राष्ट्रगीत वाजवतो.

कोण कोणाकडून लढलं, यावर मोठी माणसं वाद घालतात. बिगुल मात्र सगळ्यांसाठी एकच वाजतो.