उसन्या वाटीतले गाणे

काही शब्द टिंगल म्हणून जन्माला येतात आणि पुढे बिरुद होऊन मिरवतात. ‘रॉकाबिली’ हा असाच एक शब्द. त्यातले ‘रॉक’ म्हणजे डुलणे, हेलकावणे. आणि ‘बिली’ हे ‘हिलबिली’चे शेपूट. हिलबिली म्हणजे डोंगरातला गावंढळ. अमेरिकेतल्या शहरी माणसाने दक्षिणेकडच्या खेडवळ गोऱ्यांना हिणवण्यासाठी हा शब्द वापरला. अशा गावंढळांच्या पोरांनी १९५४ च्या सुमारास एक धावत्या ठेक्याचे गाणे काढले आणि लोकांनी त्याला हे जोडनाव चिकटवले. नावे ठेवण्यासाठी दिलेले नाव नावारूपाला आले ते असे.

माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. ही गाणी ऐकताना निम्मे शब्द हातून निसटतात. पण त्यावाचून काही अडत नाही. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा हातावेगळा झाला, की रात्री मी ती लावून बसतो आणि आतल्या खोलीतून माझी मुलगी म्हणते, “बाबा, तुमची गाडी सुटली वाटतं!” तिची उपमा मला आवडते. रुळांच्या सांध्यांवरून चाके जावीत तसा त्या गाण्याचा ठेका पुढे पुढे धावतो. गाण्यात प्रेमभंग असतो, खिशात दमडी नसते, घर दूर राहिलेले असते. पण गाडी थांबत नाही. या गाण्याची कुळकथा मी हळूहळू वाचून काढली, तेव्हा एकच प्रश्न मनात घोळत राहिला. हे गाणे नेमके कोणाचे?

मेम्फिस हे मिसिसिपी नदीकाठचे, कापसाच्या व्यापाराचे शहर. तेथे युनियन ॲव्हेन्यू या रस्त्यावर, ७०६ क्रमांकाच्या लहानशा जागेत, सॅम फिलिप्स नावाच्या गृहस्थाने १९५० मध्ये ध्वनिमुद्रणाचे दुकान थाटले. पैसे मोजा आणि काय हवे ते मुद्रित करून घ्या, असा तेथला खाक्या. लग्नसमारंभसुद्धा तो मुद्रित करून देई. १९५३ च्या उन्हाळ्यात एक अठरा वर्षांचा मुलगा सुमारे चार डॉलर देऊन स्वतःच्या आवाजाची तबकडी येथून करून घेऊन गेला. त्याचे नाव एल्विस प्रेस्ले. पुढल्या वर्षी तो एका वीजकामाच्या कंपनीची मालमोटार हाकीत असताना फिलिप्सने त्याला बोलावून घेतले. सोमवार, ५ जुलै १९५४. एल्विस एकोणीस वर्षांचा. जोडीला गिटारवर स्कॉटी मूर आणि उभ्या, माणसाएवढ्या बेसवर बिल ब्लॅक. चौथा कोणी नव्हता. त्यांनी संथ गाणी गाऊन पाहिली, रंग भरेना. मग जरा विसावा घेताना एल्विस उठला आणि थट्टेवारी एक जुने गाणे जोरजोराने म्हणत नाचू लागला. दुसरे दोघेही खिदळत साथीला लागले. आतून सॅम फिलिप्सने डोके बाहेर काढले आणि हे जे काय चालले आहे ते पुन्हा पहिल्यापासून करा, असे फर्मावले.

ते जुने गाणे आर्थर क्रूडप या मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीय गायकाचे होते. १९४६ मध्ये त्याने ते ध्वनिमुद्रित केले होते. आता तबकडीला दुसरी बाजू हवी. तिच्यासाठी पोरांनी केंटकीच्या बिल मन्रो या गोऱ्या गायकाचे गाणे घेतले. ते मुळात तीन मात्रांचे, झोक्यासारखे संथ. यांनी ते चार मात्रांत बसवून पळवले. म्हणजे एका अंगाला काळ्यांचे ब्लूज आणि दुसऱ्या अंगाला गोऱ्यांचे डोंगरी गाणे. मध्ये फक्त तबकडीची जाडी.

तारखेकडे जरा पाहा. बरोबर सात आठवडे आधी, १७ मे १९५४ रोजी, सरकारी शाळांत वर्णावरून मुले वेगळी बसवणे घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. निकाल झाला, गावोगावच्या शाळा मात्र होत्या तशाच राहिल्या. एल्विसची तबकडी मेम्फिसच्या रेडिओवर वाजली आणि एकाच रात्री पुन्हा पुन्हा वाजवावी लागली. निवेदकाने त्याला बोलावून घेतले आणि गप्पांच्या ओघात विचारले, तू कोणत्या शाळेत शिकलास? शाळेचे नाव कानी पडताच श्रोत्यांना उमगले, की पोरगा गोरा आहे. आपल्याकडे आडनाव विचारतात ना, त्यातलाच हा प्रकार. मी शाळामास्तर आहे. हजेरीपटावर रोज नावे वाचणाऱ्या माणसाला हा प्रश्न चांगलाच झोंबतो. आवाजावरून जात कळत नाही, म्हणून शाळेचे नाव विचारावे लागले!

आणि मन्रोचे डोंगरी गाणे तरी निखळ गोरे होते का? लहानपणी केंटकीत आर्नॉल्ड शुल्ट्झ नावाच्या कृष्णवर्णीय वादकाबरोबर तो नाचाच्या बैठकींना साथ करी. शुल्ट्झ १९३१ मध्ये वारला. त्याच्या वादनाची एकही तबकडी नाही. तो उरला आहे तो मन्रोसारख्यांनी पुढे त्याचे नाव घेतले म्हणून. डोंगरी गाण्यात खणखणणारे बँजो हे वाद्यही मुळात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे. आणि गंमत पाहा, एल्विसने आपले गाणे पळवलेले ऐकल्यावर मन्रोने १९५४ मध्येच ते पुन्हा ध्वनिमुद्रित केले. सुरुवात आपली संथ, आणि पुढे पोरांची धावती चाल! आपलीच वाटी शेजाऱ्याकडून भरून परत आलेली त्याने हसत घेतली.

या गाण्याला पैसा लागत नाही, हेही त्याच्या टिकण्याचे एक कारण असावे. त्या रात्री ढोलकरी नव्हता. मग ठेका कोणी धरला? बिल ब्लॅकने. बेसची जाड तार ओढून सोडायची, की ती लाकडी पट्टीवर फटकन आपटते. सूरही निघतो आणि टाळीही पडते. एका माणसात दोन माणसांचे काम. आवाजातली ती घुमणारी जादू म्हणजेही मोठे यंत्र नव्हे. टेपरेकॉर्डरची फीत आधी मुद्रण करणाऱ्या टोकावरून जाते आणि मग वाजवणाऱ्या टोकावरून. या दोहोंमधले अंतर कापायला तिला क्षणाचा छोटा तुकडा लागतो. तेवढा उशिरा आलेला आवाज मूळ आवाजात मिसळला, की गाणारा रिकाम्या हौदात तोंड घालून गातो आहे असे वाटते.

या गरिबीची सर्वांत हृद्य गोष्ट कार्ल पर्किन्सची आहे. निळ्या बुटांवरच्या ज्या गाण्याने १९५६ साली अमेरिका नाचली, ते त्याचे. तो १९३२ साली टेनेसी राज्यात, बटाईने दुसऱ्याची शेती करणाऱ्या गोऱ्या कुटुंबात जन्मला. लहानपणापासून तो कापूस वेचायला जाई. बापाने सिगारच्या खोक्याला झाडूचा दांडा ठोकून त्याला पहिली गिटार करून दिली. पुढे खरी, पण जुनी गिटार मिळाली. तिची तार तुटली तर नवी घ्यायला पैसे नसत. तो तुटलेली तार गाठ मारून जोडी. बोट सरकवले की गाठ रुतायची. म्हणून तो बोट जागेवरच ठेवून तार बाजूला ताणायचा आणि सूर वर चढवायचा. पुढे ज्या लपेटीसाठी लोक त्याला वाखाणू लागले, ती या गाठीतून निघाली, असे तो सांगे.

वाजवायला शिकवले कोणी? त्याच शेतावरच्या जॉन वेस्टब्रुक नावाच्या वयस्क कृष्णवर्णीय मजुराने. दिवसभर दोघे एकाच कापसात वाकलेले; संध्याकाळी म्हाताऱ्याच्या ओसरीवर गिटार. गोऱ्या आणि काळ्या मुलांनी एका बाकावर बसायचे नाही असा जेथे कायदा, तेथे ही शाळा बिनबोभाट भरत होती. पर्किन्स १९९८ मध्ये वारला. जगभर कीर्ती झाल्यावरही तो त्या ‘अंकल जॉन’चे नाव घेत राहिला.

पर्किन्सचेच आणखी एक गाणे आहे, काड्यापेटीवरचे. काड्यापेटीत मावेल एवढाच ज्याचा संसार, अशा भणंगाची त्यात कल्पना आहे. ही कल्पना मा रेनी या कृष्णवर्णीय गायिकेच्या १९२४ मधल्या गाण्यात येते. १९२७ मध्ये टेक्सासच्या ब्लाइंड लेमन जेफरसन या आंधळ्या गायकाने तिच्यावर आपले गाणे रचले. डिसेंबर १९५६ मध्ये पर्किन्सने ती सॅम फिलिप्सच्या दुकानात आपल्या ठेक्यावर बसवली. आणि १९६४ मध्ये इंग्लंडात बीटल्स या चौघांनी पर्किन्सचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्या वेळी खुद्द पर्किन्स तेथे हजर होता. चाळीस वर्षांत एक काड्यापेटी कोणाकोणाच्या खिशातून कोठल्या कोठे गेली! आपल्या घरी वाटीभर साखर उसनी आणतात आणि वाटी रिकामी परत द्यायची नाही असा दंडक असतो. गाण्यांचाही तोच दंडक असावा. प्रत्येकाने वाटीत आपले काही घातले, म्हणून गाणे आटले नाही.

पण सगळ्याच वाट्या परत गेल्या नाहीत. ज्याच्या गाण्याने ती जुलैची रात्र उजळली, त्या आर्थर क्रूडपचे काय झाले? एल्विसने १९५६ मध्ये एका मुलाखतीत त्याचे नाव आदराने घेतले होते. पण नावाने चूल पेटत नाही. आपल्या गाण्यांचा हक्काचा पैसा मिळत नाही म्हणून क्रूडपने तबकड्यांसाठी गाणे सोडले आणि मजुरी पत्करली. पुढे तो पुन्हा गाऊ लागला, हक्कासाठी झगडलाही. १९७४ मध्ये तो वारला, तोवर रास्त वाटा काही त्याच्या हाती पडला नाही. लाखो घरांत त्याचे गाणे वाजत होते आणि तो दुसऱ्याच्या शेतात राबत होता.

मी कादंबऱ्या लिहितो. त्यांतल्या कितीतरी म्हणी, शिव्या, कितीतरी सुरेख वाक्ये मी पारावर, एस.टी.च्या थांब्यावर, वेचणीला निघालेल्या बायांच्या तोंडून ऐकली आहेत. पुस्तकावर नाव माझे असते आणि मानधन, थोडे का होईना, माझ्या घरी येते. त्या बायांना ते पुस्तक छापून निघाल्याचाही पत्ता नसतो. त्यामुळे क्रूडपची गोष्ट मला सातासमुद्रापलीकडची वाटत नाही. उसने घेणे हा कलेचा धर्मच आहे. त्यात लाज नाही. पण उसने घेतले हे उघड सांगणे आणि त्याचा मोबदला पोचता करणे, हा त्या धर्माचा दुसरा अर्धा भाग आहे.

रॉकाबिलीचा पहिला बहर पाच-सहा वर्षांत ओसरला. पण मुळे जमिनीत होती. फांद्या दूर फुटल्या. ओक्लाहोमाच्या वांडा जॅक्सन या मुलीने १९५७ मध्ये फुजियामा पर्वताचे नाव घेऊन एक गाणे गायले. तिचे झालरींचे झगमगते कपडे तिची आई घरी शिवून देई. गाणे मायदेशी फारसे चालले नाही, पण जपानमध्ये डोक्यावर घेतले गेले आणि १९५९ मध्ये ती तेथे दौऱ्यावर गेली. पुढे टोकियोच्या योयोगी बागेत रविवारी केसांचे तुरे काढलेले जपानी तरुण या ठेक्यावर नाचू लागले. १९८० मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडची तीन पोरे, नाव ‘स्ट्रे कॅट्स’, तोच उभा बेस आणि तोच फटका घेऊन लंडनला गेली. आधी तेथे गाजली आणि मग घरी. कापसाच्या शेताचे तोंडही न पाहिलेली ही माणसे त्या गाण्यात काय शोधत होती? मला वाटते, थोडक्या साधनांत पोटभर आनंद करता येतो, याची खात्री.

१९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. पृथ्वीवरचे संगीत कोणी ऐकलेच तर ऐकावे म्हणून. तिच्यात टेक्सासच्या ब्लाइंड विली जॉन्सनचे १९२७ मधले गाणे आहे. त्यात शब्द नाहीत. नुसता हुंकार आणि गिटारवरची मींड. हा गायक १९४५ मध्ये दारिद्र्यात मेला. तिच्यातच चक बेरीचे १९५८ चे धावते गाणे आहे. आणि त्यांच्याच पंगतीला गोव्यातल्या केरी गावच्या आमच्या केसरबाई केरकर भैरवी गात आहेत. त्या तबकडीवरही कोणी कोणाची शाळा विचारत नाही, आडनाव विचारत नाही.

ती याने सूर्यमालेतल्या ग्रहांच्या पलीकडे कधीच गेली. सूर बरोबर गेले. सुरांमागच्या माणसांची हकिगत सांगणारे मात्र कोणी गेले नाही. ते काम येथे मागे राहिलेल्यांचे आहे. या दिवाळीत तुमच्या घरी गाणे लागेल, ते कोणत्याही भाषेतले असो. ते कोणाच्या ओसरीवरून निघाले, हे मुलांना ठाऊक असेल तेवढे सांगावे. माझ्यापुरती सुरुवात मी येथे करतो: आर्थर क्रूडप, आर्नॉल्ड शुल्ट्झ, जॉन वेस्टब्रुक.