पेटीतली मोटारसायकल

टेड सायमन हा इंग्रज लेखक १९७३ साली ट्रायम्फ मोटारसायकल घेऊन लंडनहून निघाला आणि पंचेचाळीस देश पाहून चार वर्षांनी परतला. आफ्रिकेतून पुढे ब्राझीलला जाताना त्याला गाडी बोटीवर चढवावी लागली. रस्ता कापणाऱ्या वाहनालाही कधी कधी स्वतःच सामान व्हावे लागते, ही गंमत मला फार आवडली. ते सामान होते कसे, हे मात्र मला अण्णांनी दाखवले.

अण्णा म्हणजे माझे वडील. उरणजवळ ते निर्यातीच्या मालासाठी लाकडी पेट्या करतात. आजोबा भात पिकवीत. पुढे बंदरापायी जमीन गेली. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि नांगराच्या जागी घरात करवत व रंधा आला. अण्णांचे शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या घरात कॉलेजचा उंबरा ओलांडणारी मी पहिलीच.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ आपली मोटारसायकल घेऊन आले. केनियातील मोंबासा बंदरात ती उतरवून तेथून केपटाऊनपर्यंत रस्त्याने जायचे, असा त्यांचा बेत. बोटीचे भाडे घनमीटरवर असते. वजन टनात जास्त भरले तरच वजनावर. गाडी आहे तशी पेटीत घातली असती तर २.४३ घनमीटर झाले असते. अण्णांनी पुढचे चाक, हँडल, आरसे, काच उतरवली. माप १.७६ वर आले.

"घनमीटर म्हणजे किती ग?"

"साधारण पस्तीस घनफूट, अण्णा."

लाकडाचा हिशेब घनफुटात करण्यात त्यांची हयात गेलेली. क्षणभर डोळे मिटून ते म्हणाले, "म्हणजे चोवीस फूट हवेचे भाडे वाचले की!" मी कागदावर गुणाकार केला. उत्तर जवळपास तेच आले.

मग टाकीतले पेट्रोल काढले, बॅटरीच्या तारा सोडवल्या. पुढचा दांडा ठोकळ्यावर टेकवून चारी बाजूंनी पट्टे आवळले. पट्टे ढिले राहिले तर बोट डोलताना गाडी उड्या मारते. फार आवळले तर शॉकॉब्सरचे सील फुटते. किती आवळायचे, ते अण्णांच्या तळहाताला कळते.

लाकडालाही परदेशी जाण्यासाठी परवाना लागतो! किडा दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून फळीचा गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटे तापवावा लागतो. तसे केल्याची खूण म्हणून तिच्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. अण्णा तो शिक्का चित्र म्हणून ओळखत. त्याच्याशेजारच्या अक्षरांचा अर्थ मी त्यांना सांगितला.

सर्वांत नवल वाटले ते कार्नेट नावाच्या वहीचे. तिच्यात गाडीचा इंजिन नंबर, चासी नंबर, रंग, किंमत सारे लिहिलेले असते. प्रत्येक पानाचे तीन भाग. देशात शिरताना एक भाग कस्टमवाले ठेवून घेतात, बाहेर पडताना दुसरा. शिक्के मारलेला तिसरा वहीतच राहतो. गाडी परदेशात विकली जाणार नाही, याची ती हमी. त्यासाठी मालकाला आधी बँकेची हमी ठेवावी लागते. गाडी परतली, शिक्के जुळले, की हमी मोकळी होते.

मी हे मराठीत समजावून सांगत होते. अण्णा ऐकत होते. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या पाटल्यांसारखेच."

त्या पाटल्या माझ्या प्रवेशाच्या वेळी पतपेढीत गेल्या, त्या अजून तिथेच आहेत. आजी तेव्हा म्हणाली होती, "पोरगी शिकली की घराला परकी होते." त्या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. बी.ए. नंतर पुण्याला एम.ए.साठी जावे असे मला वाटते. आणि एकदा गेल्यावर या अंगणात, या भुशाच्या वासात माझे मन रमेल का, याची भीतीही वाटते.

पण त्या दिवशी मोंबासा नकाशात कुठे आहे, ते अण्णांनी मला विचारले. मी नकाशा फळीवर पसरला. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून उरणपासून मोंबासापर्यंत समुद्रातून एक सरळ रेघ ओढली आणि म्हणाले, "माझी पेटी इतक्या लांब जाते होय!"

तीस वर्षे ते पेट्या ठोकीत आहेत. त्या कुठे जातात, ते त्यांना कोणी दाखवले नव्हते.

— द्वितीय वर्ष, कला